प्रश्नपेटी आणि तिची किल्ली: नाशिकच्या गावांत किशोर आरोग्याचे युवा साथी कसे तयार करावेत

पहिल्या शिबिरात मी सलग अडीच तास बोलले. एका आश्रमशाळेचा हॉल, सतरंजीवर चाळीसेक मुलं-मुली, भिंतीला टेकवलेले तक्ते. शेवटी "काही शंका?" असं विचारलं, तर सगळे सतरंजीचे दोरे उपटत बसले. जेवणाच्या सुट्टीत सोबतच्या कार्यकर्त्याने बुटाच्या खोक्याला ब्लेडने चीर पाडली, कागदाचे तुकडे वाटले आणि खोकं पाण्याच्या टाकीमागे ठेवून दिलं. तासाभरात ते निम्मं भरलं. "हाताने केलं तर लग्नानंतर मूल होत नाही, खरं का?" "पाळीत पोट इतकं दुखतं की चक्कर येते. आई म्हणते, सगळ्यांनाच दुखतं." आणि वहीच्या फाडलेल्या कोपऱ्यावर पेन्सिलीने एक: "दहावीतल्या मैत्रिणीची सुपारी फुटली आहे. कुणाला सांगू?"

माझ्या अडीच तासांत यातल्या एकाचंही उत्तर नव्हतं.

त्यानंतर आम्ही क्रमच उलटा केला. आधी पेटी, मग बोलणं. तुम्ही शिक्षक असाल, राष्ट्रीय सेवा योजनेचं काम बघत असाल, आशाताई असाल किंवा गावातल्या एखाद्या मंडळाचे कार्यकर्ते, आणि तुमच्या भागातल्या मुलामुलींतून या विषयाचे साथी तयार करायचे असतील, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी.

"युवा नेता" हा शब्द जरा भारदस्त आहे. प्रत्यक्षात ती गावातली पंधरा ते एकोणीस वर्षांची मुलगी किंवा मुलगा असतो, जो आपल्या वयाच्यांना खरी माहिती देतो आणि गरज पडली तर त्यांना योग्य दारापर्यंत नेऊन सोडतो. केंद्र सरकारने ७ जानेवारी २०१४ ला राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम सुरू केला. १० ते १९ वयोगटासाठीच्या या कार्यक्रमातही हीच कल्पना आहे: साधारण हजार लोकवस्तीमागे दोन मुली आणि दोन मुलगे, सरकारी भाषेत पिअर एज्युकेटर. त्यामुळे तुम्ही काही जगावेगळं करत नाही आहात. गावात आधीच कुणाची निवड झालेली असेल तर आशाताईंकडून यादी मागून घ्या. नव्या चार नावांपेक्षा असलेल्या चौघांना पक्कं करणं बरं.

तारीख आधी शेताला विचारा

नाशिक जिल्ह्यात शिबिराची तारीख काढताना शाळेचं वेळापत्रक पुरत नाही. जून-जुलैत पेठ, सुरगाणा, इगतपुरी, त्र्यंबकेश्वरकडे भाताची आवणी असते. तेव्हा हात रिकामे नसतात. ऑक्टोबर छाटणीपासून मजुरांच्या टोळ्या दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत उतरतात आणि छाटणी, विरळणी, डिपिंग (घड औषधात बुडवणं), काढणी करत मार्चपर्यंत तिकडेच राहतात. मोठ्या मुली धाकट्यांना सांभाळायला सोबत जातात. नांदगाव-चांदवडकडून ऊसतोडीला जाणारी घरंही दिवाळीच्या आसपास गाव सोडतात. आमच्या अनुभवात पोळा ते घटस्थापना हा काळ सगळ्यात सोयीचा. तो हुकला तर गावात रिकाम्या घरांपुढे बसून राहू नका. द्राक्षबागेच्या मालकाशी बोला आणि संध्याकाळी मजुरांच्या कोप्यांवरच, म्हणजे झोपड्यांवरच, बैठक घ्या. तिथे प्रश्न जास्त थेट येतात.

एकदम चार दिवसांचं शिबिर घेऊ नका. दोन दिवस, मग पंधरा दिवसांची फट, मग दोन दिवस. त्या फटीत मुलं गावात जाऊन बोलून बघतात, फसतात आणि दुसऱ्या वेळी खरे प्रश्न घेऊन येतात. आणि दिवसाचा शेवट घड्याळाने नाही, शेवटच्या एसटीने ठरतो हे कार्यक्रमपत्रिका छापण्याआधी लक्षात असू द्या.

निवड: पहिला नंबर नको, कान हवा

मुख्याध्यापकांना नावं मागितली की वर्गातली पहिली तीन मुलं आणि सरपंचांची पुतणी येते. मुलं गुणी असतात, पण आपली भानगड घेऊन त्यांच्याकडे कुणी जात नाही. आम्ही सगळ्या मुलांना एकच प्रश्न देतो: "घरी सांगता येणार नाही अशी गोष्ट झाली, तर वर्गात किंवा वस्तीत तुम्ही कुणाला सांगाल?" चिठ्ठीवर नाव लिहायचं, आपलं नाही. जी नावं पुन्हा पुन्हा येतात ती बघा. एकदा सगळ्यात जास्त वेळा नाव आलं ते दोनदा नापास झालेल्या मुलाचं. शिक्षक नाराज झाले. आमच्या सगळ्या बॅचमधला तो सगळ्यात टिकाऊ साथी निघाला.

चार हवे असतील तर सहा जणांना तयार करा. एखादी लग्न होऊन जाते, एखादा सातपूर-अंबडच्या कंपनीत लागतो. शाळा सोडलेल्यांतला निदान एक घ्या. त्यांच्यापर्यंत शाळेची कुठलीच माहिती पोचत नाही.

घरच्यांना काय सांगायचं

खोटं सांगायचं नाही. "व्यक्तिमत्त्व विकास शिबिर" म्हणून मुली आणायच्या आणि आत पाळी-गर्भधारणा शिकवायची, हे एकदा उघडं पडलं की त्या गावात पुन्हा पाय ठेवता येत नाही. घरी जा, आशाताई किंवा अंगणवाडीताईंना सोबत घ्या आणि सरळ म्हणा: वयात येताना शरीरात काय होतं, त्रास झाला तर कुठे जायचं, कुणी त्रास दिला तर काय करायचं, हे शिकवणार आहोत. तक्ते आधी आयांना दाखवा. बहुतेक आया तक्ता हातात घेऊन बराच वेळ बघतात आणि मग स्वतःचाच प्रश्न विचारतात. वडिलांची संमती लेखी घ्या, आणि मुलीचीही वेगळी विचारा. घरच्यांनी हो म्हटलं म्हणजे तिनेही हो म्हटलं असं नसतं.

पहिला दिवस शब्दांचा

इथे घाई केलीत तर पुढचं सगळं वाया जातं.

मोठ्या कागदावर तीन रकाने पाडा: घरातला शब्द, मित्र-मैत्रिणींतला शब्द, पुस्तकातला शब्द. मग एकेक अवयव, एकेक घटना घ्या. पाळीसाठी कावळा शिवला, बाहेरची झाली, अडचण, एमसी, मासिक धर्म असे शब्द निघतात. सुरगाण्याकडची मुलं कोकणी, म्हणजे कोकणा आदिवासींच्या बोलीतले, शब्द सांगतील, मालेगावात माहवारी येईल. त्यांचे शब्द त्यांनाच लिहू द्या. तुम्ही ते बोलायचा आव आणू नका, मुलं लगेच ओळखतात. पहिली पंधरा मिनिटं खिदळण्यात जातात. जाऊ द्या. हसून झाल्यावरच शब्द नुसता शब्द होतो.

मग शब्दांच्या आत काय भरलंय ते विचारा. झोपेत वीर्य बाहेर येणं ही वयात येणाऱ्या मुलांमध्ये नेहमीची गोष्ट, पण मराठीत तिचं नाव स्वप्न"दोष". ज्याच्या नावातच दोष, त्याची लाज वाटणारच. "विटाळ", "शीलभंग", "तिची अब्रू गेली", यातला गुन्हा कुणाचा आणि डाग कुणावर, एवढं विचारून थांबा. उत्तर मुलांकडून येऊ द्या.

इथे मी मुलांना रघुनाथ धोंडो कर्व्यांची गोष्ट सांगते. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, त्या पायी कॉलेजातली नोकरी गेली, आणि १९२७ पासून १९५३ पर्यंत त्यांनी एकहाती मासिक चालवलं. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना छापील उत्तरं दिली म्हणून १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांच्या बाजूने कोर्टात उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. काळाराम मंदिराच्या सत्याग्रहाचं नाव नाशिकची सगळी मुलं ऐकून असतात, ही गोष्ट बहुतेकांना नवी असते. खटला ते हरले. पण प्रश्नाला उत्तर देणं हेसुद्धा कुणीतरी भांडून मिळवलेलं आहे, हे मुलांना कळतं आणि पेटीकडे बघण्याची नजर बदलते.

शरीराची माहिती: थोडी, पण पक्की

साथीला डॉक्टर करायचं नाही. नेहमीचं काय आणि दवाखान्यात कधी जायचं, एवढं पक्कं हवं.

पाळीबद्दल: सुरुवातीची दोन-तीन वर्षं पाळी मागेपुढे होते. २१ ते ४५ दिवसांत येणं आणि २ ते ७ दिवस राहणं नेहमीचं. तासा-दोन तासाला पॅड भिजत असेल, सात दिवसांहून जास्त रक्त जात असेल, दुखण्याने शाळा बुडत असेल किंवा पंधरा वर्षं पूर्ण होऊनही पाळी आली नसेल, तर डॉक्टरांना दाखवायचं. कापड वापरायला हरकत नाही, पण साबणाने धुऊन कडक उन्हात वाळवलेलं हवं. दाराआड, ओलसर कोपऱ्यात लपवलेलं नको.

रक्ताबद्दल: राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींमध्ये आणि ३१ टक्के मुलग्यांमध्ये रक्त कमी आढळलं. शाळेत आठवड्याला मिळणाऱ्या निळ्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असतं. ती जेवल्यावर घ्यायची, चहासोबत नाही. लिंबू किंवा आवळा सोबत असला तर लोह जास्त शोषलं जातं. शौचाला काळं झालं तर घाबरायचं नाही. "ही गोळी मूल न होण्याची आहे" अशी अफवा उठते, तिचं उत्तर साथीच्या जिभेवर हवं: ही रक्तवाढीची गोळी आहे, गर्भारपणात आईलाही लोहच देतात.

मुलग्यांचं बोलणं शेवटच्या अर्ध्या तासावर ढकलू नका. रस्त्याकडेच्या भिंतींवर "गुप्तरोग, कमजोरी, शर्तिया इलाज" रंगवलेलं असतं आणि मुलांचं सगळं शिक्षण त्या भिंतीवर झालेलं असतं. हस्तमैथुनाने अशक्तपणा येत नाही, वीर्य संपत नाही, मूल होण्याशी त्याचा संबंध नाही. हे पुरुष प्रशिक्षकाने, न हसता आणि न कुजबुजता, नेहमीच्या आवाजात सांगावं. एका मुलाने असला इलाज करणाऱ्या तंबूवाल्या वैदूला महिनाभराची मजुरी दिली होती. हे ऐकल्यावर त्याने फक्त एवढंच विचारलं, "मग पैसे परत मिळतील का?"

गर्भनिरोधनाबद्दल साथीने साधनं वाटायची नाहीत, पण माहिती हवी. निरोधने गर्भ राहण्याचा आणि संसर्गाचा, दोन्ही धोके कमी होतात. तातडीची गोळी संबंधानंतर ७२ तासांच्या आत, जितकी लवकर तितकी चांगली. ती नेहमी घ्यायची गोळी नव्हे. सरकारी दवाखान्यात तीन महिन्यांचं अंतरा इंजेक्शन आणि छाया गोळी मिळते. एकोणीस वर्षांची नवी सून हीसुद्धा किशोरवयीनच असते, आणि तिच्याकडे सगळे पहिल्या पाळण्याच्या घाईने बघत असतात. तिला हे सांगणारं बहुधा कुणीच नसतं.

गर्भपाताबद्दल एक गैरसमज दवाखान्याच्या भिंतीच पसरवतात. "गर्भलिंग निदान गुन्हा आहे" ही पाटी वाचून लोक गर्भपातच बेकायदा समजतात. तो १९७१ च्या कायद्याने ठरावीक कारणांसाठी, मान्यताप्राप्त केंद्रात कायदेशीर आहे. मुलगी अठराच्या आतली असेल तर पालकाची संमती लागते. गावठी औषधं आणि दुकानातून चोरून आणलेल्या गोळ्या जिवावर बेततात.

कायदा आणि "कुणाला सांगणार नाही"चं वचन

माझी स्वतःची सगळ्यात मोठी चूक इथली. एका मुलीला मी आधी "कुणाला सांगणार नाही" असं म्हणून बसले. मग तिने जे सांगितलं ते लपवणं कायद्यानेही शक्य नव्हतं आणि तिच्या जिवासाठीही योग्य नव्हतं. मी पुढे सांगितलं, आणि तिच्या दृष्टीने मी दगा दिला. ती पुन्हा माझ्याशी बोलली नाही.

पोक्सो, म्हणजे बालकांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, २०१२ चा. अठरा वर्षांखालील प्रत्येक जण त्यात बालक, मुलगा असो की मुलगी. लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर कलम १९ प्रमाणे पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं हा कलम २१ खाली गुन्हा. ही शिक्षा बालकाला लागू नाही. म्हणजे सोळा वर्षांच्या साथीवर गुन्हा होणार नाही, पण तुमच्यावर आणि अठरा पूर्ण झालेल्या साथीवर होऊ शकतो. सोळा-सतराच्या दोघांचं "प्रेम" असलं तरी कायदा संमती मानत नाही. नवरा असला तरी नाही: अठराच्या आतल्या पत्नीशी संबंध हा बलात्कारच, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑक्टोबर २०१७ ला दिला. मुलांना हे ऐकून धक्का बसतो, वादही होतो. होऊ द्या, पण कायदा आहे तसाच सांगा.

म्हणून वचनाचं वाक्य घोकून घ्या, अगदी पाढ्यासारखं: "तू सांगशील ते मी गावभर करणार नाही. पण तुझ्या जिवाला धोका असेल किंवा कुणी तुझ्याशी वाईट वागलं असेल, तर मला एका भरवशाच्या मोठ्या माणसाला सांगावं लागेल. आणि त्यांना सांगण्याआधी मी तुला सांगेन." हे ऐकायच्या आधी म्हणायचं, नंतर नाही. दोघादोघांच्या जोड्या करून पंचवीसदा म्हणून घ्या. कंटाळतील. चालेल.

कळवल्यावर काय होतं तेही माहीत हवं, नाहीतर "पोलीस" म्हटलं की सगळे हातपाय गाळतात. जबाब मुलीच्या घरी किंवा ती म्हणेल तिथे घेता येतो, शक्यतो महिला अधिकारी घेतात आणि त्या गणवेशात नसाव्यात असं कायदाच सांगतो. दवाखान्याला "आधी तक्रार आणा" म्हणून उपचार नाकारता येत नाहीत. अल्पवयीन मुलगी गर्भपातासाठी आली असेल तर तिने आणि पालकांनी विनंती केल्यास डॉक्टरांनी पोलिसांना कळवताना तिचं नाव उघड करण्याची गरज नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये म्हटलं आहे. डॉक्टरांनाही हे ठाऊक असतंच असं नाही.

आता त्या सुपारीच्या, म्हणजे लग्न ठरल्याच्या, चिठ्ठीचं. बालविवाह प्रतिबंधक कायदा २००६ चा. मुलीला १८ आणि मुलाला २१ पूर्ण हवीत. लग्न लावणारे, जुळवणारे, त्याला प्रोत्साहन देणारे, सगळ्यांना दोन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. गावात ग्रामसेवक हेच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात. लग्न होण्याआधी कोर्टातून ते थांबवता येतं. झालेलं लग्नही ती मुलगी सज्ञान झाल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज करून रद्द करून घेऊ शकते. १०९८ हा क्रमांक बालकांसाठी दिवसरात्र चालू असतो, फोन करणाऱ्याचं नाव गुप्त राहतं. साथीने लग्नाच्या मांडवात जाऊन भाषण द्यायचं नाही. त्याचं काम फोन करण्याचं, तोही शक्यतो तुमच्या मार्फत. त्याला त्याच गावात राहायचं आहे.

दार दाखवणं म्हणजे खरोखर दार दाखवणं

महाराष्ट्रात किशोरवयीनांसाठी सरकारी दवाखान्यात मैत्री क्लिनिक असतं. कागदावर असतं, म्हणून तिसऱ्या दिवशी मुलांना घेऊन तिथे जाच. केसपेपर कुठे मिळतो, समुपदेशक कुठल्या वारी बसतात, खोलीला दार किंवा पडदा आहे का, बाहेर रांगेत गावची माणसं दिसतात का, हे सगळं मुलांनी स्वतः टिपायचं. एका ठिकाणी आम्हाला मैत्री क्लिनिकची पाटी सापडली, आत खोक्यांचा ढीग होता आणि खुर्ची एकच. मुलांनी वैद्यकीय अधिकाऱ्यांना विनंतीअर्ज लिहिला, सगळ्यांच्या सह्यांनिशी. दोन महिन्यांनी खोली रिकामी झाली. हक्क म्हणजे काय, हे त्या अर्जाने शिकवलं तेवढं माझ्या तक्त्यांनी शिकवलं नाही.

प्रत्येक साथीकडे खिशात मावेल असं कार्ड द्या: १०९८, महिलांसाठी १८१, पोलिसांसाठी ११२, मन खचलं असेल तर टेलिमानस १४४१६, खाली आशाताई आणि समुपदेशकांचे नंबर. नंबर शिबिरातच लावून बघायला सांगा. कधीच न लावलेला नंबर गरजेच्या वेळी लावायला हात धजत नाही.

नंतरचं

महिन्यातून एकदा भेट, आठवडी बाजाराच्या दिवशी ठेवली तर सगळ्यांना तालुक्याला यायला निमित्त मिळतं. साथीच्या वहीत नावं नकोत. "८ जणींशी बोलले, २ जणींना दवाखान्यात नेलं" एवढं पुरे. मुलींचे गटफोटो व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसला ठेवू नका, देणगीदारांना हवे असले तरी. एका शिबिराचा फोटो गावच्या ग्रुपवर फिरला आणि पुढच्या वेळी निम्म्या मुली आल्या नाहीत.

साथीकडून चूक होईल. कुणी चुकीची माहिती देईल, कुणाचं गुपित फुटेल. ओरडू नका, त्याच माणसाकडे जाऊन दुरुस्त करायला लावा, सोबत जा. "मला माहीत नाही, विचारून सांगते" हे वाक्य जी मुलगी न लाजता म्हणते, ती तयार झाली असं समजा. आणि तिने आणलेल्या प्रश्नाचं उत्तर पुढच्या भेटीपर्यंत तुम्ही आणलंच पाहिजे, नाहीतर तिची किंमत गावात संपते.

पेटी कायम ठेवा. खोकं भिजतं, म्हणून आता आम्ही पत्र्याचा गल्ला वापरतो, बारीक कुलूप लावून. किल्ली मुख्याध्यापकांकडे नको, अधीक्षिकेकडेही नको. साथींनी आपल्यात ठरवलेल्या एका मुलीकडे. चिठ्ठ्या बैठकीत मोठ्याने वाचताना अक्षर कुणाला दिसणार नाही असं धरायचं. मागच्या महिन्यातल्या एका चिठ्ठीत प्रश्न नव्हता, फक्त एवढंच होतं: "वाचून झालं की फाडाल ना?" फाडलेले तुकडे जोडता येतात. आम्ही बैठक झाली की चिठ्ठ्या तिथल्याच स्वयंपाकघरातल्या चुलीत घालतो, मुलांच्या समोर.